उशिरा आलेली मुलगी
(यवतमाळ जिल्ह्यातील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



कापूस वेचणीच्या दिवसांत शाळेत उशिरा कोण येतं? बहुतेक वेळा मुलगी. आई सकाळीच वावरात गेलेली असते. पाणी भरून, धाकट्याला सांभाळून ही निघते. वर्गाच्या दाराशी तिला उभं करतात, सगळ्यांसमोर बोलतात, कधी उठाबशा काढायला लावतात. चार दिवस ती सोसते, पाचव्या दिवशी येतच नाही. झरी-जामणी, केळापूरकडे घरात कोलामी बोलणारं लेकरू मराठीत दरडावलं की गप्प होतं. ते गप्प राहणं उद्धटपणा ठरतं!

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारायला आणि मानसिक छळालाही मनाई केली. छडी कमी झाली, टोमणे राहिले. आणि हो, 'मास्तर, मारा पण शिकवा' म्हणणाऱ्या आया आपल्यातच आहेत.

बाईंचंही ऐकू या. एकटीकडे दोन-तीन इयत्ता असल्या की गोंगाट होणारच. पण नियम मुलांसोबत ठरवता येतात. उशिरा आलेलीने गुपचूप जागेवर बसावं, कारण बाईंनी सुट्टीत एकटीला विचारावं. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांना दटावलं नाही; शाळाच कुरणात नेली.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असाव्यात, असं हाच कायदा सांगतो. तिथं नुसती सही करून परतू नका. पुढच्या बैठकीत विचारा : उशिरा आलेल्या मुलीचं आपल्या शाळेत काय करतात?