लग्नगड्याची बायको आणि भट्टीवरची जोडी
(बोईसर येथे महिलांच्या सभेत केलेल्या भाषणावरून)



झरी इथून फार लांब नाही, आपल्याच जिल्ह्यात, तलासरी तालुक्यात. २३ मे १९४५ रोजी तिथे सुमारे ५ हजार वारली जमले. किसान सभेच्या कामासाठी गोदावरी आणि शामराव परुळेकर आले होते. ठरलं, फुकट राबायचं नाही. १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळ्या घातल्या. जेठ्या गांगडसह ५ जण गेले. पण त्या लढ्यानं वेठ मोडली, लग्नगडीही मोडला.

लग्नगडी म्हणजे लग्नाच्या कर्जापायी जमीनदाराकडे बांधला गेलेला माणूस. कर्ज त्याच्या नावाचं, पण राबायची बायकोसुद्धा. मालकाची वाईट नजर पडली तर दाद कुठे मागणार? गोदूताईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० साली आलं, ते जरूर वाचा. किती घेतलं, किती फिटलं, हे तिला कुणी सांगत नसे.

आता भट्टीवर काय होतं? उचल नवरा घेतो. दर हजार विटांवर, काम जोडीचं. चिखल तुडवायला, विटा वाहायला ती असते, हिशोबाला मात्र एकटा तो बसतो. पावसाच्या तोंडावर ऐकायचं, "अजून फिटलं नाही."

सगळं तसंच आहे असं मी म्हणत नाही. १९७६ मध्ये वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला. एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात १९८२ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की किमान वेतनाहून कमी मजुरी म्हणजे सक्तीची मजुरी. पण कागदावर नावच नाही, तिनं हा कायदा वापरायचा कसा? तारापूरच्या कारखान्यांत स्फोट, आगी काही नव्या नाहीत. ठेकेदाराच्या हजेरीत नाव नसेल तर भरपाई मागताना ती तिथे कामाला होती हेच आधी सिद्ध करावं लागतं!

जमिनीचं बघा. १९७० च्या दशकात पालघरमध्ये भूमिसेना जमिनीसाठी लढली. २००६ च्या वनहक्क कायद्यात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा, असं स्पष्ट लिहिलंय. तेव्हा पट्टा हातात आला की आधी नावं वाचून घ्या.

भट्टीवर जाणाऱ्यांनी निघण्याआधी उचल किती, दर काय, हे दोघांच्या नावानं लिहा. मालक सही देणार नाही. तरी तारखेसह लिहा. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या. वह्या आणल्यात, मागच्या टेबलावर आहेत.