विषम बळाचा खेळ

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या अरण्यात वाघाएवढे बलवान शिकारी जनावर दुसरे नाही. तथापि रानकुत्र्यांची टोळी चोहोंकडून भिडली, तर त्यासही सावध व्हावे लागते. एकाच्या बळाचा हिशेब अनेकांच्या संख्येशी कसा जुळवावा, हाच विषम झुंजीच्या खेळांतील मुख्य प्रश्न होय.

वाघ-बकरीच्या पटांनी तो नियमानेच सोडविला. नेपाळच्या ‘बाघचाल’ खेळात वाघ ४ व बकऱ्या २०. पाच बकऱ्या मारल्या की वाघांची सरशी; सर्व वाघ कोंडले की बकऱ्यांची.

१९७४ साली अमेरिकेत निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात मात्र हा तोल सूत्रधारावर सोपविलेला असतो. खेळाडू वीर होतात, तो त्यांच्यापुढे राक्षस उभे करतो, आणि घावांचा निकाल फासे देतात. २००० सालच्या आवृत्तीत प्रत्येक राक्षसास चार वीरांच्या मानाने अंक दिला गेला; परंतु केवळ अंकाने भागत नाही. एकटा राक्षस एक घाव घालतो तोवर चौघांचे चार घाव पडतात, व तो लवकरच आडवा होतो. उलट क्षुद्र शत्रूंचा घोळका चांगल्या वीरासही लोळवितो.

म्हणून चतुर सूत्रधार प्रथम दोन्ही बाजूंचे घाव मोजतो. निम्मे शत्रू तो बांबूच्या बेटाआड राखून ठेवतो, आणि माघारीसाठी नाल्याची वाट मोकळी सोडतो. विजयाची खात्री असेल तर शौर्यास अर्थ नाही. पराजय अटळ असेल तर विचारास वाव नाही. वाट मोकळी असली म्हणजे लढावे की परतावे, याचा विवेक खेळाडूंच्या हाती राहतो, आणि हार झाली तरी ती त्यांना अन्याय वाटत नाही.