विहिरीचें पाणी आणि काळा पाषाण



महोत्सवाच्या सभेंत वडील माणसांनीं जुन्या आठवणी सांगाव्या, अशी आपली रीत आहे. परंतु आमचें आयुष्य दगड आणि पाणी यांच्या रसायनाचा अभ्यास करण्यांत व तोच शिकविण्यांत गेलें. म्हणून या आवारांतील विहिरीविषयींच चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

आपल्या जालना जिल्ह्याची भूमि म्हणजे थिजलेला लाव्हारस होय. सुमारें 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वीं तो थरावर थर असा पसरला व त्याचा काळा पाषाण बनला. पावसाचें पाणी मातींतून झिरपतांना मुळें व सूक्ष्म जंतु यांनीं सोडलेला कार्बन डायऑक्साइड वायु शोषून घेतें आणि सौम्य आम्ल बनतें. हें आम्ल पाषाणांतील फेल्स्पार व पायरॉक्सीन हीं खनिजें हळूहळू कुरतडतें. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम व सिलिका पाण्यांत उतरतात. आम्लाचें बायकार्बोनेट होतें. मागें उरते ती चिकणमाती. विहीर खणणारे ज्यास मांजऱ्या म्हणतात त्या दगडांतील पांढरे खडे, शेतांतील चुनखडी आणि आपल्या पातेल्यांतील पांढरी पुटें, हीं सर्व याच व्यवहाराचीं अपत्यें होत. डाळ शिजत नाहीं म्हणून आपण पाण्यास बोल लावतों. त्या जडपणाचें मूळ पाषाणांत आहे.

हा व्यवहार लहानसहान नव्हे. 2001 सालीं सेलीन देसेर आदि शास्त्रज्ञांनीं नर्मदा, तापी व वैनगंगा यांच्या पाण्याचें पृथक्करण करून, दख्खनचा पाषाण झिजतांना हवेंतील कार्बन डायऑक्साइड किती ओढून घेतो, याचा हिशेब मांडला. पुणें विद्यापीठाचे प्राध्यापक एन. जे. पवार, जे 2010 मध्यें शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरु झाले, त्यांनीं 2008 सालीं सहकाऱ्यांसह भूजलाविषयीं असाच निबंध प्रसिद्ध केला.

शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर पहावें. पाषाण तोच, परंतु पाण्यास बाहेर वाट नाहीं. उन्हानें पाणी उडून जातें, चुना तळाशीं बसतो, सोडियम व कार्बोनेट उरतात. जून 2020 मध्यें तें पाणी गुलाबी झालें, तेव्हां नाना तर्क उठले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें तो रंग क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा ठरविला. असो.

आतां आपल्या विहिरीकडे वळूं. 2012-13 च्या दुष्काळानंतर ती बुजवावी, अशी सूचना निघाली होती. त्या वेळीं, पाणी जड पण निर्दोष आहे, असें आम्हींच सांगितलें. त्यांत आमची चूक झाली. जडपणा तपासला, नायट्रेट तपासलेंच नाहीं. गेल्या महिन्यांत तें तपासलें, तेव्हां एका लिटरांत 45 मिलिग्रॅम या भारतीय मानकाच्या मर्यादेपलीकडे आढळलें. हा दोष पाषाणाचा नव्हे. आपल्या पाषाणांत नायट्रेट नसल्यासारखेंच; तें खतांतून, गोठ्यांतून आणि शौचालयांतून येतें, व वसतिगृहाचा शोषखड्डा विहिरीपासून अवघ्या कांहीं पावलांवर आहे. पाणी उकळल्यानें नायट्रेट जात नाहीं, उलट दाट होतें. आणि वरच्या दुधावरील तान्ह्या बालकांस तें विशेष घातक असतें.

म्हणून विनंति एवढीच कीं, विहीर बुजवूं नये. मृगापूर्वीं शोषखड्डा उताराच्या बाजूस दूर हलवावा, आणि तोंवर हें पाणी केवळ धुण्यास वापरावें. पावसाळ्यानंतर पुन्हां नमुना घेऊं. ज्यांच्या घरीं विहीर किंवा बोअर आहे त्यांनींही आणावा. स्वच्छ बाटल्या सभेनंतर आमच्याकडे मिळतील.