डॉक्टरांनाही कुणीतरी विचारा
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा सारांश)



‘डॉक्टर आणि ताणतणाव’ हा विषय मिळाल्याचं घरी सांगितलं, तेव्हा सौ. म्हणाली, "तुम्ही बोलणार? घरी तर कधी एक शब्द काढत नाही!" तिचं खरंच आहे. आमचा अर्धा ताण कामाचा आणि अर्धा न बोलण्याचा.

रायपूरला बस्तरपासून ओडिशातल्या कालाहांडीपर्यंतचे रुग्ण येतात, पुष्कळदा उशिरा. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्यांना रात्री मण्यार चावते. इथे तिला करैत म्हणतात. दंश फारसा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही, आणि काही तासांत श्वासाचे स्नायू लुळे पडू लागतात. मी निवासी डॉक्टर असताना असाच एक दहा वर्षांचा मुलगा आणला होता. तो वाचला नाही. त्याच्या वडिलांना ते सांगून वळलो, तर पुढच्या खाटेवरचा रुग्ण ताटकळत होता.

सकाळी आमच्या सरांनी मला चहाला नेलं आणि "सगळं सांग" म्हणाले. अर्धा तास नुसतं ऐकलं. शेवटी एवढंच बोलले, "तो उशिरा पोचला. तू उशीर केला नाहीस." त्या चहावर मी पुढची कित्येक वर्षं काढली.

नंतर मी स्वतः वरिष्ठ झालो. सलग छत्तीस तास ड्यूटी केलेल्या एका निवासी डॉक्टरला मी जाता जाता विचारलं, "बरा आहेस ना?" तो म्हणाला, "हो सर." मी पुढे निघून गेलो. दोन आठवड्यांनी तो शिक्षण सोडून गावी गेला. मी विचारलं होतं, पण थांबलो नव्हतो. ही चूक माझी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ‘बर्नआउट’ची नोंद कामाशी निगडित अवस्था म्हणून केली. म्हणजे हा माणसाचा कमकुवतपणा नव्हे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ साली शिफारस केली, की निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांहून जास्त काम नसावं, एक साप्ताहिक सुट्टी असावी आणि रोज ७-८ तास झोप मिळावी. प्राणायाम, फिरणं, गाणं हे सगळं चांगलंच. पण झोपेची जागा ते घेत नाही.

व्यवसायबंधूंना माझी विनंती आहे. रुग्ण दगावला की त्याच दिवशी ज्युनिअरला जवळ बसवा आणि ऐका. स्वतःला जड झालं, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा नाही. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक डॉक्टरांसाठीही आहे.

आणि मंडळींनो, आरतीच्या रांगेत मला रिपोर्ट जरूर दाखवा, माझी ना नाही. फक्त त्याआधी एकदा विचारा, "डॉक्टर, तुम्ही कसे आहात?" आणि मी "ठीक" म्हणालो, तर लगेच पुढे जाऊ नका.

गणपती बाप्पा मोरया!