जुनी स्पोर्ट्स कार आणि घरचा पाना

जुनी स्पोर्ट्स कार दारात आली की मालकाच्या मनात पहिला विचार येतो ताकदीचा. टर्बो बसवू, सायलेन्सर बदलू, चाकं रुंद करू. मी आज नेमकं याच्या उलट सांगणार आहे. वीस-तीस वर्षांच्या गाडीत घरच्या घरी करण्यासारखी सगळ्यात मोठी सुधारणा म्हणजे कारखान्यातून निघताना ती जशी होती, तशी तिला पुन्हा करणं. ते झाल्यावर बदल करावेत, आणि त्यातही ब्रेक आधी, इंजिन सगळ्यात शेवटी.

उदाहरण घेऊ माझदाच्या एमएक्स-५ या दोन आसनी उघड्या गाडीचं. ती १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. माझदानं ती आपल्याकडे भारतात कधी विकली नाही. पण इंग्लंड-अमेरिकेत जुनी एमएक्स-५ घरच्या गॅरेजात खोलून बसणारे हौशी लोक ढिगानं आहेत, आणि त्यांत मराठी माणसंही असतील. या गाडीचं इंजिन सोळाशे सीसीचं, ताकद ११५ हॉर्सपॉवरच्या आसपास. आजच्या कितीतरी घरगुती गाड्या याहून जोरकस असतात. तरीही ती चालवणाऱ्याला आवडली, कारण वजन जेमतेम साडेनऊशे किलो, जोर मागच्या चाकांना, आणि चारही चाकांना दुहेरी विशबोनचं सस्पेन्शन. म्हणजे गाडीची मजा होती नेमकेपणात. वय झाल्यावर गाडी गमावते तोही मुख्यतः नेमकेपणाच. सांभाळलेलं इंजिन तीस वर्षांनीही बऱ्यापैकी ओढतं. सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश मात्र कडक होऊन चिरतात, शॉक अ‍ॅब्सॉर्बर ढिले पडतात, आणि वळणावर गाडी विचार करून वळल्यासारखी वागते. मालक म्हणतो, इंजिनात दम राहिला नाही. बिचारं इंजिन उगाच बदनाम होतं.

ब्रेकचं तर याहून स्पष्ट आहे. धावत्या गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. ताशी ८० किलोमीटरवरून ११३ वर गेलात की वेग दीडपटही होत नाही, पण थांबवायची ऊर्जा दुप्पट होते, आणि ती सगळी डिस्कला उष्णता म्हणून पचवावी लागते. माझदानं १९९४ च्या मॉडेलला अठराशे सीसीचं इंजिन दिलं तेव्हा ताकद वाढली साधारण बारा-पंधरा हॉर्सपॉवरनं. पण तेवढ्यासाठीही कंपनीनं पुढच्या डिस्कचा व्यास २३५ मिलिमीटरवरून २५५ केला. बारा-पंधरासाठी कारखाना एवढा विचार करतो, आणि घरी साठ-सत्तर वाढवू पाहणारा ब्रेकचे जुनेच रबरी होज ठेवतो! हे मोठे ब्रेक आधीच्या गाडीलाही बसतात, म्हणून हा बदल मी पहिल्या क्रमांकावर ठेवतो. पण त्याही आधी ब्रेक ऑइल बदला. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट-४ दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ठरावीक ओलावा शिरला की ही हमी १५५ वर येते. घाटाच्या उतारावर ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पाय सरळ फ्लोअरला टेकतो. रबरी होज बोटांनी वाकवून पाहा. वाकवल्यावर बारीक भेगा उघडल्या तर तो होज गेला.

यावर कुणी म्हणेल, मग नवं तंत्रज्ञान आलंच कशाला? निदान चाकं तरी मोठी, टायर रुंद लावले तर पकड वाढेलच ना? वाढते, कोरड्या रस्त्यावर. पण जड चाक खड्ड्यावर उशिरा सावरतं, स्टिअरिंग जड होतं, आणि ते सगळे धक्के त्याच म्हाताऱ्या बुशांवर बसतात. एमएक्स-५ चा मूळ टायर होता फक्त १८५ मिलिमीटर रुंदीचा, १४ इंची. माझदानं २०१७ मध्ये जपानात या गाड्या पूर्ववत करून देण्याची योजना जाहीर केली, तेव्हा त्याच मापाचे टायर ब्रिजस्टोनकडून मुद्दाम पुन्हा बनवून घेतले. रुंदीपेक्षा टायरचं वय आधी बघा. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१८ असेल तर २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत दिसो, इतकं जुनं रबर पावसात घसरतं.

दुसरा आक्षेप पैशांचा. टर्बोचा तयार संच एकदाच घ्यायचा, बुश-होज-रेडिएटर यांची यादी मात्र संपत नाही. मान्य. पण टर्बो उष्णता वाढवतो, आणि या गाडीच्या रेडिएटरची वरची टाकी प्लॅस्टिकची आहे. काळी टाकी हिरवट-तपकिरी दिसू लागली की ती फुटायच्या बेतात आली असं समजायचं. तिच्यावर टर्बो चढवला तर हेड गॅस्केटचा खर्च वेगळा. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासून आकडे एकमेकांच्या जवळ आले, टायमिंग बेल्ट नवा झाला, कूलिंग ठणठणीत झालं, तर मग खुशाल टर्बोचा विचार करा. माझी हरकत ताकदीला नाही, क्रमाला आहे.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, कायद्याची. गोव्यात बनलेली, रेनोच्या छोट्या इंजिनाची, फायबर बॉडीची सॅन स्टॉर्म गाडी कुणाकडे असेल तर त्यांनी नीट ऐकावं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत मनाजोगता फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. त्यानंतरच्या दुरुस्तीनं प्रत्येक बेकायदा फेरफाराला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. मूळ मापाचे बुश, पॅड, होज घालण्याला मात्र कुणी अडवत नाही. परदेशातल्यांनी विमा कंपनीला प्रत्येक बदल कळवावा. न कळवलेला बदल दावा नाकारायला कारण पुरतो.

काम घरी करायचं तर नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका. सपाट जमिनीवर लोखंडी स्टँड लावा, चाकांना अडसर लावा. आणि ज्यांच्याकडे एमएक्स-५ आहे त्यांनी पाना हातात घेण्यापूर्वी एक तांब्या पाणी घ्यावं. छत खाली करून मागच्या कोपऱ्यातल्या छिद्रात ते हळूहळू ओतायचं, आणि मागच्या चाकाच्या पुढे जमिनीवर धार पडते का ते बघायचं. धार पडली नाही, तर पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत साचून ती गंजतेय, आणि पहिला खर्च वेल्डरचा आहे.