हवामानाचे ज्ञान आणि शेतकऱ्याचा प्रश्न
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



आपल्या देशात हवामानाविषयी ज्ञानाचा दुष्काळ आहे, असे कोणी म्हणणार नाही. भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले. पुण्याची उष्णदेशीय हवामान संस्था १९६२ पासून मान्सूनचा अभ्यास करीत आली आहे. भूविज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल सांगतो की, १९५१ ते २०१५ या काळात देशातील मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. आणि १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळण्याचे प्रसंग मात्र सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले.

परंतु हे ज्ञान पोहोचते कोणापर्यंत? अहवाल इंग्रजीत आहे. मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याचा प्रश्न निराळाच आहे : पहिला पाऊस झाला, आता पेरू की थांबू? ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नये, असा सल्ला त्याला मिळतो. पण पेरणीनंतर पावसाने दडी मारली, तर दुबार पेरणीचे कर्ज त्याच्याच माथी बसते आणि शेतमजुराचा रोज बुडतो. देशाची सरासरी या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही.

हा दुवा सांधण्यासाठी कृषी विज्ञान केंद्रांत १९९ जिल्हा कृषी-हवामान कक्ष उघडण्यात आले होते. तेथील तज्ज्ञ आठवड्यातून दोनदा तालुकावार सल्ला स्थानिक भाषेत देत. मार्च २०२४ मध्ये हे कक्ष बंद करण्यात आले. पुढे मे २०२५ मध्ये पुण्यातच विकसित झालेली, ६ किलोमीटरच्या चौकटीत अंदाज वर्तविणारी प्रणाली कार्यान्वित झाली. तिचे स्वागतच केले पाहिजे. मात्र आकडा म्हणजे सल्ला नव्हे. जमीन हलकी की भारी, पीक कोणत्या अवस्थेत आहे, हे जाणून त्या आकड्याचा अर्थ सांगणारा माणूस लागतो. शेतकऱ्याचा अनुभव प्रयोगशाळेपर्यंत नेणाराही तोच असतो.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असली पाहिजे : प्रत्येक जिल्ह्यात कायम नेमणुकीचा कृषी-हवामानतज्ज्ञ हवा, संशोधनाचे जिल्हावार निष्कर्ष लोकांच्या भाषेत हवेत, आणि ग्रामसभेत त्यांचे वाचन व्हावे. जनतेच्या पैशातून उभे राहिलेले ज्ञान जनतेच्या हाती येणे, हा उपकार नव्हे. तो तिचा हक्क आहे.