परमुलुखातील आजारपण
(पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून शिक्षणाविषयी बोलावे अशी अपेक्षा असते. मी आजारपणाविषयी बोलणार आहे. पण विषय शिक्षणापाशीच येऊन थांबेल.

आपल्या कोकणात असे मोहल्ले थोडेच, की जेथून कोणी आखातात गेलेले नाही. मुलगा निघाला की आपण पगार विचारतो, राहण्याजेवणाची सोय विचारतो, रजा कधी मिळेल ते विचारतो. तो आजारी पडला तर खर्च कोण करणार, हे मात्र विचारत नाही. "तिकडे दवाखाना फुकट असतो," एवढे ऐकलेले असते. हा समज आला कोठून? माझ्या मते तो हज करून आलेल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून आला. ते खोटे सांगत नाहीत. हाजींवर सौदी सरकारी रुग्णालयांत मोफत उपचार होतात, शिवाय आपल्या सरकारचे वैद्यकीय पथकही मक्का-मदिनेत असते. पण हाजी हा पाहुणा. कामगाराचा हिशेब निराळा आहे.

सौदी अरेबियातील सरकारी रुग्णालये मुख्यतः तेथील नागरिकांसाठी आहेत. खाजगी नोकरीतील परदेशी माणसाचा आरोग्य विमा काढण्याची जबाबदारी १९९९ च्या कायद्याने मालकावर टाकली आहे. हप्ता मालकाने भरावयाचा. तो पगारातून कापावयाचा नाही. दुबईत असाच कायदा २०१३ मध्ये झाला. तेथे बायकामुलांना बोलावून घेतले तर त्यांचा विमा बोलावणाऱ्याने काढावयाचा, हे पुष्कळांना तेथे गेल्यावरच कळते. शारजा, अजमान वगैरे अमिरातींत खाजगी नोकरांसाठी ही सक्ती १ जानेवारी २०२५ पासून आली. कुवेतमध्ये विम्याची रक्कम भरल्यावाचून निवास परवाना मिळत नाही, आणि सरकारी दवाखान्यात परदेशी माणसाला त्याशिवाय शुल्क पडतेच.

कामावर अपघात झाला तर आणखी एक आधार आहे, तो फारच थोड्यांना ठाऊक असतो. सौदीत सामाजिक विम्याच्या खात्याकडे मालक परदेशी कामगारासाठीही पगाराच्या २ टक्के रक्कम भरतो, ती याच कारणासाठी. त्यातून उपचार होतात, अपंगत्व आल्यास भरपाईही मिळते. परंतु अपघाताची नोंद झाली पाहिजे. "कंपनीत सांभाळून घेऊ" असे म्हणणाऱ्या फोरमनवर विसंबू नका.

हे सर्व कागद खरे असतील तोवर. व्हिजिट व्हिसावर जाऊन काम धरणाऱ्याला मालकाचा विमा नसतो. कफीलाकडून पळालेल्याचा इकामा गेला की विमाही जातो. आमच्या खाडीपट्ट्यातला एक तरुण असाच दुसरीकडे काम करीत होता. पोटात दुखू लागले. पकडले जाऊ या धास्तीने चार दिवस खोलीतच पडून राहिला. अपेंडिक्स फुटल्यावर सोबत्यांनी उचलून नेले. डॉक्टरांनी त्याला वाचविले. पण बिल फेडण्यासाठी घरच्यांनी आंब्याची कलमे असलेली जागा विकली. पहिल्याच दिवशी तो गेला असता तर? अशा अडचणीत भारतीय वकिलातीकडे २००९ पासून कल्याण निधी आहे, त्यातून निकडीच्या उपचाराला मदत मिळू शकते. तिकडे अर्ज करावयाचे कोणाला सुचलेच नाही.

आता शिक्षणाकडे येतो. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर आखातासारख्या देशांत नोकरीस जाण्यासाठी सरकारी मंजुरीची अट असते. या मुलांना प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. २०१७ च्या सुधारणेनुसार दोन वर्षांना २७५ आणि तीन वर्षांना ३७५ रुपये, अधिक कर, असा हप्ता ठरला. अपघाती मृत्यू वा कायमच्या अपंगत्वास १० लाखांचे संरक्षण. पॉलिसी एजंट काढतो आणि बहुधा स्वतःच्याच फाईलमध्ये ठेवतो. घरच्यांनी तिची प्रत मागून घ्यावी. मुलगा गेल्यावर दावा करावयाचा तो घरच्यांनीच.

आणि मातांनो, मुलाच्या सामानात शेजारणीने दिलेल्या वेदनाशामक गोळ्या घालू नका. ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेली औषधे अमिरातीत परवानगीवाचून नेली तर तुरुंगाची पाळी येते. मसाल्यातली खसखससुद्धा तेथे चालत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी भावाचे किंवा वडिलांचे करारपत्र कपाटात पडून असेल. या सुट्टीत ते काढा आणि घरच्यांना वाचून दाखवा. वैद्यकीय उपचाराचे कलम आहे काय, विमा कंपनीचे नाव आहे काय, ते पाहा. अरबी मजकूर मौलवीसाहेबांकडून वाचून घ्या, कारण तंटा झाला तर तिकडच्या न्यायालयात तोच धरला जातो. कोणाच्या करारपत्रावर सही व्हावयाची असेल आणि त्यात हे कलम नसेल, तर कागद एजंटाकडे परत पाठवा.